गुंगीच्या बाटलीचा हिशेब

मार्च २०२२ मध्ये चाकणच्या औद्योगिक वसाहतीतील मर्सिडीज-बेंझच्या कारखान्यात एक बिबट्या शिरला होता, हे अनेक वाचकांना आठवत असेल. कामगारांना बाहेर काढण्यात आले. वन विभागाचे कर्मचारी आले, जुन्नरजवळच्या माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्रातील मंडळी आली, आणि काही तासांच्या खटपटीनंतर लांबून मारलेल्या गुंगीच्या इंजेक्शनाने त्या जनावराला निजवून सुखरूप हलविण्यात आले. वन्यजीवांचे डॉक्टर अशा प्रसंगी सहसा दोन औषधांचे मिश्रण वापरतात. एक केटामिन आणि दुसरे झायलाझिन. पहिले माणसांच्या शस्त्रक्रियागृहातही असते. दुसरे केवळ जनावरांसाठी आहे.

गुंगी आणण्याच्या कामी ही दोन औषधे जोडीने राबतात, पण कायद्याने त्यांना अगदी निरनिराळी वागणूक दिली आहे. केटामिनच्या प्रत्येक बाटलीचा हिशेब द्यावा लागतो. झायलाझिन मात्र अमली पदार्थांच्या आंतरराष्ट्रीय करारांच्या याद्यांत नाही, आणि आपल्या १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीतही नाही. परदेशांत रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या मादक पदार्थांत हेच झायलाझिन मिसळले जाऊ लागल्यापासून त्यावर निर्बंध आणण्याचा विचार अनेक ठिकाणी झाला, काही ठिकाणी तो अमलातही आला. आपल्याकडे त्याची चर्चा जवळजवळ नाही. ती का व्हावी, आणि होताना कोणती दक्षता घ्यावी, हा आजचा विषय आहे. ज्येष्ठांच्या आरोग्याशी त्याचा काय संबंध, असे प्रथमदर्शनी वाटेल. पण तो संबंध आहे, आणि बराच जवळचा आहे.

प्रथम औषधाची ओळख करून घेऊ. झायलाझिन १९६२ मध्ये जर्मनीतील बायर कंपनीने तयार केले, तेही माणसांचा रक्तदाब उतरविण्याचे औषध म्हणून. परंतु प्रयोगांत असे दिसून आले की, त्याने रक्तदाब नको तितका घसरतो आणि माणूस सुस्त होऊन पडतो. माणसांसाठीचा तो विचार तेथेच सोडून देण्यात आला. जी सुस्ती माणसाला धोक्याची ठरली, तीच पशुवैद्यकाच्या उपयोगी पडली. शिंगाचा कर्करोग झालेल्या बैलाची शस्त्रक्रिया असो, तारेत अडकून फाटलेल्या कातडीला घालायचे टाके असोत किंवा भटक्या कुत्र्यांची नसबंदी असो, जनावर शांत पडून राहिल्याखेरीज काम होत नाही. गाय-बैलांची जात या औषधाला विलक्षण हळवी आहे. घोड्याला लागणाऱ्या मात्रेच्या साधारण एक दशांश मात्रेत बैल बसकण मारतो. औषध तेच असूनही जनावरागणिक मात्रेत एवढा फरक पडतो, यावरून अजाण हातात ते किती अनर्थ करील याची कल्पना यावी.

येथे एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो. झायलाझिन ज्या कुळातील आहे, त्याच कुळातील क्लोनिडीन हे औषध, अर्कामिन या नावाने, मूत्रपिंडाच्या विकारासह उच्च रक्तदाब असलेल्या काही वाचकांना डॉक्टरांनी दिलेले असेल. ते माणसांसाठीच तयार केलेले, मान्यताप्राप्त औषध आहे. या लेखामुळे घाबरून ते एकाएकी बंद करू नये. तसे केल्यास रक्तदाब उसळी मारतो.

झायलाझिन माणसाच्या शरीरात गेले तर नाडी मंदावते, रक्तदाब कोसळतो, श्वास उथळ होतो आणि तासन्‌तास शुद्ध राहत नाही. अमेरिकेत ते हेरॉइन व फेंटॅनिल यांत भेसळ म्हणून येऊ लागले, प्रथम प्वेर्तो रिकोत आणि मग फिलाडेल्फियासारख्या शहरांत. विकणाऱ्यांना ते स्वस्त पडते, आणि नशा अधिक वेळ टिकते. तेथील बोलीत त्याला ‘ट्रँक’ म्हणतात. वारंवार घेणाऱ्यांच्या अंगावर खोल, काळपट, सडत जाणाऱ्या जखमा होतात, आणि त्या जेथे सुई टोचली तेथेच होतात असेही नाही. अफूवर्गीय विषबाधेत प्राण वाचविणारे नॅलोक्सोन हे औषध झायलाझिनचा परिणाम उलटवू शकत नाही. तरीही ते द्यावेच लागते, कारण सोबत अफूवर्गीय पदार्थ बहुधा असतोच. एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकी सरकारने झायलाझिन मिसळलेल्या फेंटॅनिलला नव्याने उद्भवणारा राष्ट्रीय धोका म्हणून घोषित केले. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया राज्याने ते नियंत्रित यादीत घातले. ब्रिटनने जानेवारी २०२५ पासून ते ‘क’ वर्गातील अमली पदार्थ ठरविले.

अमेरिकी संसदेत २०२३ मध्ये यासंबंधी जे विधेयक मांडले गेले, त्यातील एक भाग मला विशेष महत्त्वाचा वाटतो. निर्बंध आणतानाच पशुवैद्यकांना आणि पशुपालकांना हे औषध कायदेशीर कामासाठी मिळत राहावे, अशी तरतूद त्यात होती, आणि तेथील पशुवैद्यकांच्या संघटनेचा पाठिंबा याच आश्वासनावर उभा होता. मोठ्या जनावरांसाठी याच्या तोडीचे स्वस्त औषध सहज हाती नाही. ते बाजारातून नाहीसे झाले तर वेदना बैलाच्या वाट्याला येतील, आणि बिथरलेल्या बैलाच्या शिंगाची भीती त्याला धरून बसणाऱ्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला.

मात्र त्याच देशात पुढे काय झाले तेही पाहिले पाहिजे. २०२४ च्या सुमारास फिलाडेल्फियाच्या रस्त्यांवरील मालात झायलाझिन मागे पडू लागले आणि त्याची जागा मेडेटोमिडीन या दुसऱ्या, अधिक तीव्र गुंगीच्या औषधाने घेतली. तेही मूळचे जनावरांचेच. एका पदार्थाचे नाव यादीत लिहावे आणि व्यापाऱ्याने शेजारचा पदार्थ उचलावा, असा हा प्रकार आहे.

या पाठलागाचा अनुभव आपल्या पट्ट्यालाही आहे. मेफेड्रोन, म्हणजे वृत्तपत्रांतून ‘एमडी’ म्हणून वाचनात येणारा पदार्थ, ५ फेब्रुवारी २०१५ रोजी अमली पदार्थांच्या यादीत आला. त्यापूर्वी तो विकणाऱ्यावर या कायद्याखाली कारवाई करणे पोलिसांना शक्यच नव्हते. यादीत आल्यावर तो थांबला का? ऑक्टोबर २०२० मध्ये चाकणजवळच्या शेलपिंपळगाव परिसरात पिंपरी-चिंचवड पोलिसांनी सुमारे २० किलो मेफेड्रोन पकडले, आणि तपासाचा धागा रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यापर्यंत जाऊन पोचला. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांना दौंड तालुक्यातील कुरकुंभच्या वसाहतीत याहून कितीतरी मोठा साठा सापडला. रसायनांची पिंपे, गोदामे, रात्रपाळ्या आणि मालमोटारींची अखंड ये-जा असलेल्या प्रदेशात एखादा कारखाना आत नेमके काय शिजवतो, हे शेजाऱ्यालाही कळत नाही. अलीकडच्या काही वर्षांत पुणे आणि पिंपरी-चिंचवड पोलिसांनी मेफेंटरमाइनच्या इंजेक्शनांचा बेकायदा व्यापारही पकडला आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी उतरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी असलेले हे औषध व्यायामशाळांत जाणाऱ्या पोरांना ‘ताकदीचे’ म्हणून विकले जात होते. कारखान्यातून वैध मार्गाने निघालेली बाटली वाटेत कोठे तरी वळते आणि नशेच्या बाजारात पोचते. मेफेंटरमाइनच्या बाबतीत हे घडले. झायलाझिनच्या बाबतीत घडायला फारशी वेगळी वाट लागत नाही.

बाटली वळू नये म्हणून भारताने पूर्वी काय केले, याचा उत्तम दाखला केटामिनचा आहे. २००० नंतरच्या दशकात भारतातून पूर्व आशियाकडे केटामिनची तस्करी होत असे. माणसांना भूल देण्याचे आणि जनावरांना निजविण्याचे हे औषध तिकडच्या नाचघरांत नशेसाठी वापरले जाई. फेब्रुवारी २०११ मध्ये केंद्र सरकारने ते अमली पदार्थ कायद्याच्या यादीत समाविष्ट केले, आणि २०१३ च्या अखेरीस औषध नियमांतील ‘शेड्यूल एक्स’ या सर्वांत कडक वर्गात घातले. या वर्गातील औषधासाठी विक्रेत्याला वेगळा परवाना लागतो. माल केवळ त्यासाठीच राखलेल्या कपाटात वा खणात कुलूपबंद ठेवावा लागतो. डॉक्टरांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत विक्रेत्याने दोन वर्षे जपून ठेवायची असते. अवैध केटामिन यामुळे संपूर्ण थांबले असे म्हणता येणार नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये पैठणच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यावर पडलेल्या छाप्यात मेफेड्रोनबरोबर केटामिनही सापडले होते. परंतु वैध बाटली पळविणे अवघड झाले, आणि पकडलेल्या मालावर खटला चालविण्यास आधार मिळाला.

मग झायलाझिनलाही तेच कुलूप लावावे, एवढ्यावर विषय संपायला हवा होता. पण कुलूप फार जड झाले की काय होते, हे ज्यांच्या घरी कर्करोगाचा रुग्ण शेवटच्या दिवसांत तळमळला आहे, त्यांना सांगावे लागणार नाही.

१९८५ चा कायदा आला तेव्हा त्याचा रोख तस्करांवर होता. त्याच्या फेऱ्यात मॉर्फिनही सापडले. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यासाठी निरनिराळ्या खात्यांचे निरनिराळे परवाने, त्यांतला एक हाती येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपलेली, आणि कागदातील चुकीला तुरुंगाची भीती. रुग्णालयांनी आणि औषधविक्रेत्यांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. १९८५ मध्ये देशात वैद्यकीय कामासाठी ७१६ किलो मॉर्फिन वापरले गेले होते. १९९७ मध्ये हा आकडा १८ किलोवर आला. रुग्ण कमी झाले नव्हते. डॉक्टरांच्या एका संपूर्ण पिढीने मॉर्फिन वापरण्याचे शिक्षणच घेतले नाही. पुढे वेदनाशामक उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यावर २०१४ मध्ये कायदा दुरुस्त झाला, आणि मॉर्फिनसह सहा औषधांना ‘अत्यावश्यक’ ठरवून देशभर एकसारखे, एकाच परवान्याचे नियम २०१५ मध्ये लागू झाले. पुण्यात वारजे येथे सिप्ला संस्थेचे उपशामक उपचार केंद्र १९९७ पासून कर्करोगाच्या रुग्णांची विनामूल्य शुश्रूषा करीत आहे. पिंपरी-चिंचवडमधील ज्या कुटुंबांना याची माहिती नाही, त्यांनी ती अवश्य करून घ्यावी.

केटामिनवरही जगात असाच वाद झाला. २०१५ मध्ये चीनने त्यावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आणावे असा प्रस्ताव मांडला, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी त्यास विरोध केला. कारण साधे होते. ज्या ग्रामीण रुग्णालयांत भूल देण्याची यंत्रे नाहीत, तेथे बाळंतिणीचे वा अपघातात सापडलेल्याचे प्राण याच एका औषधावर वाचतात. त्याला फार कागद चिकटले की ते कपाटात दिसेनासे होते.

माझे मत असे की, झायलाझिनला आज मोकळे सोडणे योग्य नाही, आणि एकदम सर्वांत वरच्या पायरीवर नेऊन ठेवणेही योग्य नाही. मधली एक पायरी आपल्या नियमांत आहे. तिचे नाव ‘शेड्यूल एच-वन’, आणि ती १ मार्च २०१४ पासून लागू आहे. तुमची झोपेची गोळी देताना औषधविक्रेता वहीत रुग्णाचे नाव, डॉक्टरांचे नाव आणि दिलेल्या गोळ्यांची संख्या लिहून घेतो, ते याच नियमामुळे. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम, ट्रॅमाडॉल यांच्याबरोबर अनेक प्रतिजैविकेही या वर्गात आहेत. तो विक्रेता जुनी चिठ्ठी चालत नाही म्हणतो तेव्हा ज्येष्ठ मंडळी वैतागतात, आणि त्यांचा वैताग मला समजतो. पण ती वही तीन वर्षे जपली जाते, आणि कोणत्या दुकानातून माल भलतीकडे गेला हे निरीक्षकाला तिच्यावरूनच कळते. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये ज्यांची हयात गेली, त्यांना प्रत्येक खेपेची नोंद म्हणजे काय हे निराळे सांगायला नको. झायलाझिनची बाटली कारखान्यातून निघून पशुवैद्यकाच्या पेटीत पोचेपर्यंत अशी वहीत उतरत राहिली, आणि वन विभाग, शासकीय पशुवैद्यकीय दवाखाने व नसबंदी केंद्रे यांना ती विनाअडथळा मिळत राहिली, तर वाजवी बंदोबस्त होईल. रस्त्यावरील मालात ती सापडू लागल्यास अमली पदार्थांच्या यादीचा मार्ग केंद्र सरकारला कायद्याने खुला आहेच. तेव्हाही वैध वापराची वाट त्याच अधिसूचनेत आखून द्यावी. तीस वर्षांनी दुरुस्ती करण्यापेक्षा ते बरे.

आता घराकडे वळू. मोशी, चऱ्होली, चिखली, डुडुळगाव ही गावे शहरात आली, तरी अनेकांच्या दारी अजून गोठा आहे, आणि बैलगाड्याच्या शर्यतीसाठी जपलेली बैलजोडीही आहे. अशा घरी पशुवैद्यकांनी वापरून उरलेली बाटली गोठ्याच्या कोनाड्यात पडून राहिलेली असते. जनावरांच्या औषधाच्या वेष्टनावर पाळीव जनावराच्या डोक्याचे चित्र आणि ‘माणसांसाठी नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी इशारा असावाच लागतो. आपल्या कोनाड्यातील बाटल्यांवर ते चित्र एकदा पाहून घ्यावे. गुंगीच्या औषधाची अर्धी बाटली घरी ठेवून घेण्याचे काहीच कारण नाही. ती पशुवैद्यकांच्या हाती परत द्यावी. जनावराला इंजेक्शन देताना ते धसमुसळले आणि सुई माणसाला टोचली, तर ‘थोडेसेच गेले’ म्हणून बसून राहू नये. माणसाला कुशीवर निजवावे, १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी, त्याला गाडी चालवू देऊ नये आणि बाटली सोबत न्यावी, म्हणजे डॉक्टरांना नाव विचारीत बसावे लागणार नाही. हृदयाचे वा रक्तदाबाचे औषध घेणाऱ्या वृद्धाच्या बाबतीत तर क्षणाचाही उशीर नको.

गोठा नसलेल्या घरातही कपाट असतेच. आजारी माणसाच्या वेदनेसाठी आणलेले ट्रॅमाडॉल २०१८ पासून अमली पदार्थ कायद्याच्या कक्षेत आहे. रुग्ण गेल्यावर त्याच्या गोळ्या, पट्ट्या, इंजेक्शने दुःखाच्या भरात तशीच डब्यात राहतात आणि महिनोन्‌महिने कोणी त्या डब्याला हात लावीत नाही. घरातील एखाद्या जाणत्याने हा डबा उघडून मोजदाद करावी आणि उरलेले औषध रुग्णालयाच्या औषधविभागात विचारून नष्ट करावे. आजीची झोपेची गोळी आठवड्याच्या डबीत काढून, मूळ पाकीट कुलपात ठेवण्याची सवय लावली, तर दोन गोष्टी साधतात. आजीकडून चुकून दुसऱ्यांदा गोळी घेतली जात नाही, आणि पाकीट हलके झाले तर ते त्याच आठवड्यात लक्षात येते.

ते लक्षात आले, आणि संशय नातवावर गेला, तर बहुतेक घरांत पहिली प्रतिक्रिया लपविण्याची असते. पोलिसांची भीती हे त्याचे मोठे कारण. म्हणून कायद्यातील एक कलम ज्येष्ठांनी ठाऊक करून घ्यावे. व्यसनी व्यक्तीवर केवळ सेवनाचा वा अल्प प्रमाणात पदार्थ बाळगल्याचा आरोप असेल, आणि ती स्वेच्छेने शासनमान्य केंद्रात उपचार घेण्यास तयार असेल, तर कलम ६४-अ तिला खटल्यापासून संरक्षण देते. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेतले जाऊ शकते. पुण्यात येरवड्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून चालू आहे. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची निःशुल्क दूरध्वनी सेवा १४४४६ या क्रमांकावर मिळते, आणि अमली पदार्थांच्या विक्रीची खबर वा सल्ल्यासाठी १९३३ हा क्रमांक आहे. फोन आजोबांनी केला तरी चालतो. नातवाची तयारी होईपर्यंत थांबण्याची अट नाही.